चाकांवरचा फ्रिज: कॅम्परव्हॅनसाठी काय घ्यावे, याचा आढावा

महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याच्या आधीपासूनच पुणे, नाशिक, मुंबईकडची हौशी मंडळी ट्रॅव्हलर, ईको, एखादी जुनी ओम्नी गॅरेजवाल्याकडे नेऊन आतून बदलून घेत होती. झोपायचा ओटा कुठे, पाण्याची टाकी कुठे, शेगडी कुठे, हे आता जवळपास ठरून गेले आहे. फ्रिजचे मात्र अजून ठरत नाही. एक जण सांगतो, चार-पाच हजारांचा कूलर बॉक्स पुरतो. दुसरा त्याच्या आठपट पैसे मोजून आणलेला कॉम्प्रेसरचा फ्रिज कौतुकाने दाखवतो. तिसऱ्याने घरचाच छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावलेला असतो आणि चौथ्याचा बर्फाच्या पेटीवर पूर्ण विश्वास असतो. चौघेही खरे बोलत असतात. एकाने फ्रिज डिसेंबरात महाबळेश्वरला वापरलेला असतो आणि दुसऱ्याने मे महिन्यात चंद्रपूरला, एवढाच फरक.

हा आढावा ज्या गाडीसाठी आहे तिच्यात दोन ते चार माणसे आहेत, भटकंती चार-पाच दिवसांची आहे आणि रात्रीचा मुक्काम बहुधा विजेच्या जोडणीशिवाय आहे. युरोप आणि ऑस्ट्रेलियात या विषयाचा खल बराच आधीपासून चालू आहे. तिथले निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत, कारण हवा वेगळी आणि दुरुस्तीची सोयही वेगळी. त्यातल्या त्यात ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा आपल्याला जवळचा. युरोपातला अनुभव वाचताना तिथले तापमान आधी पाहावे.

तीन कुळे

गाडीत चालणाऱ्या फ्रिजची तीन कुळे आहेत आणि तिन्हींचा जन्म वेगवेगळ्या गरजेतून झाला.

सर्वांत जुने कूळ शोषणावर चालणाऱ्या फ्रिजचे. फ्रान्समध्ये फर्दिनांद कारे याने १८५९ मध्ये अमोनिया आणि पाण्यावर चालणारे यंत्र केले. त्याला घरात ठेवण्याजोगे रूप दिले ते स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ मध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्यावर चालणारा, एकही फिरता भाग नसलेला फ्रिज रचला. उष्णता दिली की थंडावा मिळतो. ती रॉकेलच्या ज्योतीने द्या, गॅसने द्या किंवा विजेच्या कॉइलने. इलेक्ट्रोलक्सने तो उचलला. वीज न पोचलेल्या ठिकाणचे बंगले आणि दवाखाने अनेक वर्षे त्याच्या रॉकेलच्या आवृत्तीवर चालले. पुढे पाश्चात्त्य कॅरव्हॅनमध्ये हाच फ्रिज स्थिरावला. २००१ मध्ये इलेक्ट्रोलक्सपासून वेगळी झालेली डोमेटिक कंपनी हा वारसा चालवते. हॉटेलच्या खोलीत रात्रभर अजिबात आवाज न करणारा मिनीबार आपण पाहतो, तोही बहुधा याच कुळातला.

दुसरे कूळ पेल्टियरचे. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज वाहिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे ज्याँ पेल्टियर याने १८३४ मध्ये दाखवले. उपयोगाचा थंडावा मिळायला अर्धवाहकांचा काळ यावा लागला. या कुळाचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याकडे झाला आहे. विक्रोळीच्या गोदरेजने २०१० च्या सुमारास बाजारात आणलेला ‘छोटूकूल’ हा कॉम्प्रेसर नसलेला, १२ व्होल्टवर चालणारा, आठेक किलो वजनाचा आणि वरून उघडणारा डबा होता. ज्यांच्या घरी फ्रिज नव्हता आणि वीज बेभरवशाची होती, त्यांच्यासाठी तो रचला होता. त्याची घडण ठरवताना उस्मानाबादमधल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या, महिलांशी बोलून त्यांची मते घेतली होती. गावापेक्षा शहरातल्या छोट्या दुकानांत आणि गाड्यांतच त्याला जास्त गिऱ्हाईक मिळाले. भाजी, पाणी, शिजवलेले अन्न एखादा दिवस टिकावे, हे त्याचे उद्दिष्ट होते. आजचे बहुतेक स्वस्त कार-कूलर याच तत्त्वावर चालतात, मात्र विकले जातात ‘फ्रिज’ या नावाने. पुष्कळ निराशा तिथूनच सुरू होते.

तिसरे कूळ कॉम्प्रेसरचे, म्हणजे घरच्या फ्रिजचेच. फरक एवढा की हा कॉम्प्रेसर थेट १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. डेन्मार्कच्या डॅनफॉसने असे छोटे कॉम्प्रेसर नावारूपाला आणले. तो व्यवसाय २०१० मध्ये विकला गेल्यापासून ते सेकॉप नावाने ओळखले जातात. जपानच्या सावाफुजीने एन्गेल फ्रिजसाठी वेगळीच वाट धरली. तिथे फिरणारी मोटर नाही; पुढेमागे हलणारा एकच भाग गॅस दाबतो. गेल्या काही वर्षांत चिनी बनावटीचे कॉम्प्रेसर फ्रिज आल्यामुळे किमती खाली आल्या आणि हा प्रश्न सर्वसामान्य भटक्यापर्यंत पोचला.

उष्णतेचा हिशोब

कोणत्या कुळाने काय साधते, हे पाहण्याआधी फ्रिजला काम किती आहे ते पाहू. ते बरेचसे कागदावर काढता येते, आणि माझ्या मते निवडीची खरी सुरुवात इथून व्हायला हवी.

चाळीस लिटरचा, पाच सेंटीमीटर पफचे अस्तर असलेला डबा घ्या. त्याचे बाहेरचे क्षेत्रफळ पाऊण ते एक चौरस मीटर भरते. बाहेर ४० अंश आणि आत ५ अंश असेल, तर भिंतींतून सुमारे १५ वॉट उष्णता सतत आत झिरपते. दिवसाची बेरीज साडेतीनशे वॉट-तासांच्या पुढे जाते. बाहेर २५ अंश असेल तर हाच आकडा निम्म्याजवळ येतो. युरोपातल्या वापरणाऱ्याचे समाधान आणि नागपूरकराची तक्रार, दोन्हींचा उगम या एका फरकात आहे.

आता भरलेल्या सामानाचे पाहू. ३५ अंशांचे दहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायचे तर त्यातून साडेतीनशे वॉट-तास उष्णता काढावी लागते. म्हणजे निघताना दुकानातून कोमट बाटल्यांचे दोन खोके घेऊन फ्रिजमध्ये कोंबले, तर एका दिवसाच्या गळतीइतके काम आपण एका फटक्यात वाढवले. घरच्या फ्रिजमध्ये आदल्या रात्री सगळे गार करून मगच गाडीत भरायचे, हा जुन्या भटक्यांचा सल्ला आकड्यांवर पूर्ण उतरतो.

गाडी बंद करून उन्हात लावली की हिशोब आणखी बिघडतो. मे महिन्यात वेरूळच्या वाहनतळावर गाडी लावून आपण लेणी बघायला गेलो, तर आतली हवा ५० अंशांच्या वर सहज जाते. फ्रिजवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत आणि ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. सर्वांत वरच्या वर्गाचीही हद्द वाहनतळावर ओलांडली जाते. म्हणून टपावरचा पंखा, खिडक्यांना चकचकीत पडदे आणि सावलीची जागा हे फ्रिजच्या खर्चातच धरायला हवे.

पेल्टियर: मर्यादा ठाऊक असेल तर

पेल्टियरच्या बाजूने बोलणारे तीन गोष्टी सांगतात. तो स्वस्त आहे, हलका आहे आणि त्यात पंख्याखेरीज बिघडण्यासारखे फारसे काही नाही. तिन्ही खरे आहे. विरोधकांचा मुद्दा एकच आहे, पण तो भारी आहे. हे यंत्र बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १८ ते २० अंश खाली जाते. बाहेर ४० असेल तर आत २० मिळणार. दूध, दही, मासे, मटण यांना पाच अंशांच्या आत राहायचे असते. २० अंशांवर ते काही तासांचे सोबती. शिवाय असे बरेचसे डबे थर्मोस्टॅटशिवाय अखंड चालतात. ५० वॉट धरले तर दिवसाला १,२०० वॉट-तास होतात. म्हणजे गारवा कमी आणि वीज कॉम्प्रेसरच्या दुप्पट-तिप्पट.

या मुद्द्यावर वाद आता उरलेला नाही असे मला वाटते. मुंबई-पुणे किंवा पुणे-कोल्हापूर असा दिवसाचा प्रवास असेल, इंजिन चालू असताना पाणी आणि फळे गार ठेवायची असतील, तर पेल्टियर रास्त आहे. रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीत, आपल्या हवेत, तो फ्रिजचे काम करू शकत नाही.

गॅसवर चालणारा फ्रिज

शोषणाच्या फ्रिजचे समर्थक युरोपात आजही आहेत आणि त्यांची बाजू पोकळ नाही. तो आवाज करत नाही. डोक्याशी झोपणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे. बॅटरीवर भार न टाकता तो गॅसवर कित्येक दिवस चालतो. मध्यम आकाराच्या फ्रिजला दिवसाकाठी पाव किलोच्या आसपास गॅस लागतो. वीज मिळाली तर २३० व्होल्टवर, गाडी धावत असताना १२ व्होल्टवर, अशा त्याच्या तीन वाटा आहेत.

अडचण अशी की १२ व्होल्टवर तो शंभर-सव्वाशे वॉट किंवा त्याहून जास्त ओढतो, त्यामुळे ती वाट इंजिन चालू असतानाच परवडते. दुसरे म्हणजे गाडी समतल उभी हवी. आतले द्रव पंपाशिवाय, उतारानेच वाहत असतात. गाडी तिरकी राहिली की द्रव बॉयलरमध्ये अडकून तापतो, त्यातला गंजरोधक क्षार साठतो आणि नळी कायमची बुजू शकते. आंबोलीच्या किंवा भंडारदऱ्याच्या मुक्कामी सपाट जागा शोधताना जी कसरत होते, ती पाहिली तर हा दोष किती मोठा आहे ते कळते. उकाड्यात त्याची ताकद घटते, उंचावर विरळ हवेत बर्नर नीट जळत नाही; म्हणजे विदर्भ आणि लडाख दोन्हीकडे तो कमी पडतो. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास गाडीच्या तळाशी साचते. तिथे बाहेर उघडणारे भोक आणि फ्रिजच्या मागे धुराची वेगळी वाट नीट करून देणारा कारागीर मिळायला हवा, आणि आपल्याकडे या कामाचा सराव असलेले हात फार थोडे आहेत. माझे मत त्यामुळे विरोधात जाते. ज्यांची गाडी महिनोन्‌महिने थंड प्रदेशात एकाच जागी उभी असते, त्यांचे उत्तर वेगळे येऊ शकते.

कॉम्प्रेसर आणि त्याच्यातले पोटवाद

आजचा कल स्पष्टपणे कॉम्प्रेसरकडे आहे. तो बाहेरच्या ४० अंशांतही शून्याखाली जाऊ शकतो, तीसेक अंशांचा उतार सहन करतो आणि थंडावा झाला की थांबतो. चालू असताना चाळीस लिटरचा फ्रिज ४५-५० वॉट घेतो. पंचवीस अंशांच्या हवेत तो एक-तृतीयांश वेळ चालला तर दिवसाला साडेतीनशे वॉट-तास होतात. चाळीस अंशांत दोन-तृतीयांश वेळ चालला तर सातशे. विक्रेता पहिला आकडा सांगतो, वापरणाऱ्याला मे महिन्यात दुसरा मिळतो.

पोटवाद इथून सुरू होतात. पहिला कॉम्प्रेसरच्या घराण्याचा. सेकॉपवाल्यांचे म्हणणे असे की या कॉम्प्रेसरची बोटींवर आणि ट्रकांमध्ये वर्षानुवर्षे परीक्षा झाली आहे, सुटे भाग आणि माहिती उपलब्ध आहे. उदाहरणार्थ, त्याच्या कंट्रोलरला जोडलेला छोटा दिवा थांबून थांबून एकदा लुकलुकला तर बॅटरीचा दाब कमी, तीनदा लुकलुकला तर मोटर सुरू होत नाही, पाचदा लुकलुकला तर कंट्रोलर तापला. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला एवढी खूण फार कामाची असते. चिनी फ्रिज घेणाऱ्यांचे म्हणणे असे की निम्म्या किमतीत तेवढाच थंडावा मिळतो आणि दोन-तीन सहलींसाठी दुप्पट पैसे कोण घालेल? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. निर्णय वापरावर सोडावा: वर्षातून दहा-पंधरा दिवस गाडी निघणार असेल तर स्वस्त पर्याय समर्थनीय आहे, गाडीतच राहायचे असेल तर नाही.

दुसरा पोटवाद आतल्या गॅसचा. जुन्या फ्रिजांत आर-१३४ए असतो. तो पेटत नाही, पण तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जहाल आहे. नव्यांत आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, येतो. पर्यावरणाला तो जवळपास निरुपद्रवी, पण ज्वलनशील. झोपायच्या जागेत पेटणारा गॅस कशाला, ही शंका रास्त आहे. तिला आकड्याने उत्तर देता येते. अशा फ्रिजमध्ये तीस-चाळीस ग्रॅम आयसोब्युटेन असतो. हवेत तो पेट घ्यायला घनमीटरमागे चाळीसेक ग्रॅम लागतो. ट्रॅव्हलरच्या आत दहा घनमीटरच्या आसपास हवा असते, म्हणजे सगळा गॅस गळून सारखा पसरला तरी पेटण्याच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाजवळ राहतो. ओम्नीसारख्या लहान गाडीत अंतर कमी होते, आणि फ्रिज बंद कपाटात कोंडला असेल तर गॅस तिथेच साचू शकतो. म्हणून कपाटाला जाळी हवीच. किगाली करारानुसार भारताला हायड्रोफ्लुरोकार्बनचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे, त्यामुळे बाजार आयसोब्युटेनकडेच जाणार. खरा प्रश्न दुरुस्तीचा आहे. ज्वलनशील गॅस भरण्याचे प्रशिक्षण घेतलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावी मिळतोच असे नाही.

घरचा फ्रिज आणि बर्फाची पेटी

इन्व्हर्टरवर घरचा लहान फ्रिज चालवणाऱ्यांचा हिशोब सरळ आहे. पन्नास लिटरच्या आतबाहेरचा नवा घरगुती फ्रिज कॉम्प्रेसरच्या पोर्टेबल फ्रिजपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि कोणत्याही गावचा मेकॅनिक त्याला हात लावतो. दुरुस्तीचा हा मुद्दा मला फार वजनदार वाटतो. याच्या उलट बाजूला इन्व्हर्टरची स्वतःची भूक आहे. नुसता चालू ठेवला तरी तो १०-२० वॉट खातो, म्हणजे दिवसाला अडीचशे ते पावणेपाचशे वॉट-तास. फ्रिजइतकीच वीज फ्रिजला वीज देण्यात जाते. साध्या कॉम्प्रेसरला सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट धक्का लागतो, त्यासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो. घाटातल्या हादऱ्यांसाठी हा फ्रिज बनलेला नसतो आणि त्याचे दार वळणावर उघडते. बहुतेक मुक्काम वीज असलेल्या रिसॉर्टच्या आवारात होणार असतील तर हा मार्ग चालतो. रानात राहायचे असेल तर बॅटरीवर वाचवलेले पैसे परत घालावे लागतात.

बर्फाच्या पेटीला लोक मागासलेला पर्याय समजतात, तो अन्याय आहे. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॉट-तास उष्णता पितो. वरच्या चाळीस लिटरच्या डब्याचा हिशोब लावला तर चार-पाच किलो बर्फ उन्हाळ्याचा एक दिवस काढतो. आपला सगळा मासळीचा धंदा बर्फावर उभा आहे. मालवण, हर्णै, वेंगुर्ले अशा बंदरांच्या भागात बर्फ सहज मिळतो आणि कोळणीकडून घेतलेला बांगडा किंवा सुरमई तिने सुचवल्याप्रमाणे एक थर बर्फ, एक थर मासळी असा रचला, खालचे पाणी काढत राहिले, तर शून्य अंशाजवळ राहतो. पाच अंशांवर लावलेल्या फ्रिजमध्ये मासळी इतकी चांगली राहत नाही. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या सहलीला चांगल्या अस्तराची पेटी पुरेशी आहे, असे मी ठामपणे म्हणेन. किनारा सोडून आत गेलात की बर्फ शोधण्यात दिवस जातो आणि पेटीची मर्यादा कळते.

वायर, बॅटरी, टपावरचे ऊन

फ्रिज बंद पडला म्हणून येणाऱ्या तक्रारींत फ्रिजचा दोष नसणाऱ्या पुष्कळ असतात. गाडीच्या मागच्या टोकाला फ्रिज ठेवला आणि पुढच्या बॅटरीपासून पाच मीटर साधी दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढली, असे समजू. जाऊन-येऊन वायर दहा मीटर झाली. पाच अँपिअरला त्यात जवळपास ०.६ व्होल्ट वाटेतच संपतात. बॅटरी १२.२ दाखवते, फ्रिजला ११.६ मिळतात, लायटरच्या सॉकेटचा सैल जोड आणखी थोडे खातो. कॉम्प्रेसर सुरू होताना दाब अजून खाली जातो. फ्रिजला वाटते बॅटरी संपली आणि तो स्वतःला बंद करतो. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सहा चौरस मिलिमीटरची वायर घातली तर हीच घट ०.१५ व्होल्टवर येते. बॅटरीपासून थेट ओढलेली जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि घट्ट बसणारा जोड, एवढ्याने कितीतरी ‘बिघडलेले’ फ्रिज सुधारतात.

बॅटरी-संरक्षणाच्या सेटिंगकडेही लक्ष द्यावे. सेकॉपच्या कंट्रोलरची मूळ मर्यादा १०.४ व्होल्टची आहे. शिशाच्या बॅटरीसाठी ती फार खोल आहे. गाडी सुरू करायच्या बॅटरीवरच फ्रिज लावला असेल तर संरक्षण सर्वांत वरच्या पातळीवर ठेवावे, नाहीतर सकाळी स्टार्टर फिरणार नाही.

वेगळी बॅटरी कोणती, यावरही दोन मते आहेत. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी गावोगाव मिळते, पण ती निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे नऊशे वॉट-तास हाती येतात. वजन पन्नास किलोच्या वर आणि आत सांडणारे आम्ल. शंभर अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साडेबाराशेच्या वर वॉट-तास धरते, त्यातले हजारेक निर्धास्त वापरता येतात आणि वजन १५ किलोच्या आत असते. किंमत जास्त, तरी फिरत्या गाडीसाठी लिथियमकडेच माझा कौल आहे. बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने दाब कमी-जास्त करतो, म्हणून दुसरी बॅटरी भरायला मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. टपावरचे २०० वॉटचे सोलर पॅनेल उन्हाळ्यात सातशे-साडेसातशे वॉट-तास देते, म्हणजे जवळपास फ्रिजपुरते. आषाढात ताम्हिणीत मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही.

झाकण वर की दार पुढे?

या वादाला मिळणारे महत्त्व मला जास्त वाटते. वरून उघडणाऱ्या पेटीतली गार हवा खालीच राहते, पुढच्या दारातून ती सांडते, हे खरे. पण चाळीस लिटर हवेचे वजन पन्नास ग्रॅमही नसते. कोकणातली दमट हवा आत शिरली आणि तिच्यातल्या बाष्पाचे पाणी झाले, तरी एका उघडण्याला सव्वा वॉट-तासाच्या आसपास उष्णता वाढते. वीस वेळा उघडले तर पंचवीस. भिंतींतून येणाऱ्या साडेतीनशेपुढे हे किरकोळ आहे. दार बराच वेळ उघडे ठेवले किंवा त्याचे रबर नीट बसत नसेल, तर गोष्ट वेगळी.

सोय हाच खरा निकष. पेटीत खालची कोथिंबीर काढायला वरची दोन भांडी आणि दुधाची पिशवी बाहेर काढावी लागते, पण घाटात काही सांडत नाही आणि पेटी उचलून घरीही नेता येते. पुढच्या दाराचा फ्रिज ओट्याखाली बसतो, मात्र त्याच्या कंडेन्सरमागे हवा खेळायला जागा सोडणारा सुतार हवा. सुबक कपाट करण्याच्या नादात फ्रिज चारही बाजूंनी कोंडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तिथे यंत्र आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहते.

आकाराबद्दल थोडक्यात: दोघांना ३५ ते ४५ लिटर पुरतात. दोन कप्प्यांचे महाग फ्रिज मासळी-मटण गोठवून नेणाऱ्यांनीच घ्यावेत. ज्यांच्याकडे इन्सुलिन आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते २ ते ८ अंशांत राहावे लागते आणि गोठले की वाया जाते. कॉम्प्रेसरच्या पेटीत भिंतीला टेकलेली वस्तू शून्याखाली जाऊ शकते, म्हणून औषध डब्यात घालून मध्यभागी, वरच्या अंगाला ठेवावे आणि जवळ वेगळा थर्मामीटर असावा.

काय अजून अनिर्णित आहे

कुळांचा वाद बहुतांशी मिटला आहे. जे मिटलेले नाही त्यात पहिले म्हणजे विजेच्या वापराचे आकडे. खोक्यावरचा आकडा कोणत्या हवेत, आत किती तापमान ठेवून आणि रिकाम्या की भरलेल्या डब्यावर मोजला, हे अनेकदा लिहिलेले नसते. घरच्या फ्रिजवर तारांकनाची पट्टी असते. १२ व्होल्टच्या फ्रिजवर ती सहसा दिसत नाही. दोन फ्रिजांची प्रामाणिक तुलना त्यामुळे आज करता येत नाही.

दुसरे म्हणजे स्वस्त कॉम्प्रेसर आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या उन्हात किती वर्षे टिकतात, याचे उत्तर अजून हाती नाही. तिसरे म्हणजे दुरुस्ती. कंट्रोलरचे कार्ड जळले तर सुटे मिळत नाही आणि चांगला कॉम्प्रेसर भंगारात जातो. विकत घेताना हमीची वर्षे विचारण्याआधी कार्ड सुटे मिळते का आणि कोणत्या गावी, हे विचारावे.

आज कोणी विचारले तर दोन माणसांच्या गाडीसाठी मी चाळीस लिटरचा, वरून उघडणारा, ‘टी’ वर्गाचा कॉम्प्रेसर फ्रिज, सहा चौरस मिलिमीटरची वायर आणि शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुचवेन. पैसे कमी पडत असतील तर फ्रिजचा आकार कमी करा, वायरचा करू नका. विक्रेत्यांना आणि बनवणाऱ्यांना विनंती आहे की २५ अंशांच्या आकड्याशेजारी ४३ अंशांचाही आकडा खोक्यावर छापा. आणि ज्यांच्याकडे असा फ्रिज आहे त्यांनी येत्या मे महिन्यात एक दिवस तो भरून गाडीत चालवावा, बॅटरीच्या वायरवर साधा वॉट-तास मीटर लावावा आणि बाहेरच्या तापमानासह आलेला आकडा लिहून ठेवावा. पुढच्या गिऱ्हाईकाला तो खोक्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.